स्वीडिशमधली ‘-लेला’ रूपं: लिफ्ट ‘आवस्तेंग्द’, पण पाणी ‘आवस्तेंग्त’ का?

वडाचीसाल

नमस्कार मंडळी. स्टॉकहोमला येऊन दीड वर्ष झालं. ऑफिसचं सगळं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे स्वीडिश फक्त संध्याकाळच्या वर्गापुरतं. गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या दारावर दोन कागद शेजारी शेजारी चिकटवले होते. एकावर ‘हिस्सेन आवस्तेंग्द’, म्हणजे लिफ्ट बंद. दुसऱ्यावर ‘वात्तनेत आवस्तेंग्त’ आणि खाली ९ ते १२ अशी वेळ, म्हणजे पाणी बंद. क्रियापद एकच, मग शेवटी एकदा द आणि एकदा त कशाला?

त्याच दिवशी वर्गात मी वाक्य केलं, ‘याग हार आवस्तेंग्द वात्तनेत’. मला म्हणायचं होतं, मी पाणी बंद केलंय. बाईंनी ‘आवस्तेंग्द’ खोडलं आणि वर लिहिलं ‘स्तेंग्त आव’. शब्दाचे दोन तुकडे झाले, क्रम उलटला आणि शेवटचं अक्षरही बदललं. वर्ग संपत आला होता, विचारायचं राहून गेलं. घरी पुस्तक उघडलं तर चार गणांचे तक्ते आले आणि डोकं गरगरायला लागलं. कुणी मराठीतून समजावेल का?

(स्वीडिश शब्द देवनागरीत लिहितोय. दोन टिंबांचा ‘ओ’ साधा ओ म्हणून घेतलाय आणि दोन टिंबांच्या ‘आ’साठी ए. उच्चार तंतोतंत नाहीत, सांभाळून घ्या.)

कंदील

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. उप्सालात मीही इथेच अडकलेय.

उत्तरध्रुव

मी इथे चौदा वर्षं भाषांतराचं काम करते, त्यातली पहिली दोन याच रूपांनी खाल्ली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण बहुतेक जण स्वीडिशकडे इंग्रजीच्या दारातून जातो आणि अडखळतो ते तिथेच. इंग्रजीत ‘रिटन’ हे एकच रूप सगळीकडे चालतं. मी लिहिलंय म्हणायचं असो की पत्र लिहिलेलं आहे म्हणायचं असो, शब्द तोच. स्वीडिशमध्ये ही दोन रूपं वेगळी आहेत. मराठीतही वेगळी आहेत, आणि आपण ती रोज न चुकता वापरतो. मग इंग्रजीला मध्ये कशाला घ्यायचं?

मी पत्र लिहिलं आहे: याग हार स्क्रीवित ब्रेवेत.
पत्र लिहिलेलं आहे: ब्रेवेत एर स्क्रीवेत.

स्क्रीवित आणि स्क्रीवेत. फरक एका स्वराचा, पण तो लिहिलं आणि लिहिलेलं यांच्यातला फरक आहे. पहिल्या रूपाला सुपिनुम म्हणतात. ते ‘हार’ किंवा ‘हादे’ (इंग्रजीतलं हॅव, हॅड) बरोबर येतं आणि कधीच बदलत नाही. दुसऱ्याला पार्तिसिप म्हणतात. ते विशेषणासारखं वागतं, म्हणजे ज्या नामाबद्दल बोलतो त्याच्याप्रमाणे त्याचं शेपूट बदलतं. आपण कसं म्हणतो? लिहिलेला लेख, लिहिलेली कविता, लिहिलेलं पत्र, लिहिलेले निबंध. स्वीडिशमध्ये लिंगं दोनच, एन-शब्द आणि एत्त-शब्द. पुस्तक एन-शब्द आहे: बूकेन एर स्क्रीवेन. पत्र एत्त-शब्द आहे: ब्रेवेत एर स्क्रीवेत. अनेकवचनात दोन्हींचं एकच रूप: बोकेरना एर स्क्रीवना.

आता तुमचे दोन कागद बघा. हिस्स म्हणजे लिफ्ट, एन-शब्द, म्हणून आवस्तेंग्द. वात्तेन म्हणजे पाणी, एत्त-शब्द, म्हणून आवस्तेंग्त. दोन लिफ्ट असत्या आणि दोन्ही बंद असत्या, तर आवस्तेंग्दा. मधला ‘एर’, म्हणजे आहे, सूचनांमध्ये गाळतात. आपणही ‘लिफ्ट बंद’ एवढंच लिहितो.

आणि बाईंनी जे तुकडे केले, ते असं. मूळ क्रियापद दोन शब्दांचं आहे, ‘स्तेंगा आव’. क्रियापद म्हणून वापरताना ते दोन शब्द वेगळे राहतात: याग हार स्तेंग्त आव वात्तनेत. पण पार्तिसिप झालं की ‘आव’ उडी मारून पुढे येतो आणि चिकटतो: आवस्तेंग्त. हे नेहमीचंच. ‘एता उप’ म्हणजे खाऊन संपवणं, आणि संपवलेला तो उपएतेन. ‘तिका ओम’ म्हणजे आवडणं, आणि लोकांना आवडणारा माणूस ओमतिक्त.

वडाचीसाल

ताई, लिहिलं आणि लिहिलेलं! दीड वर्षात हे कुणी सांगितलं नव्हतं. पण दारावरचा द आणि त कळला, तो स्क्रीवेन मधला ‘एन’ कुठून आला? तिथे द नाहीच.

उत्तरध्रुव

त्यासाठी तक्ता पाठ करू नका, सुपिनुमचं शेपूट ऐका. ते ‘-आत’ असेल तर पार्तिसिप ‘-आद’. मोला म्हणजे रंगवणं, हार मोलात, आणि रंगवलेलं दार म्हणजे एन मोलाद दोर. रंगवलेलं घर एत्त मोलात हूस, रंगवलेली दारं मोलादे दोरार. सुपिनुमच्या शेवटी ‘-इत’ आला, तर क्रियापद जुन्या दमाचं, आतला स्वर बदलणारं, आणि पार्तिसिप ‘-एन’: स्क्रीवित, स्क्रीवेन. ब्रीता म्हणजे मोडणं, ब्रूतित, ब्रूतेन. स्त्येला म्हणजे चोरणं, स्तूलित, स्तूलेन. चोरलेली सायकल एन स्तूलेन सिकेल, हा शब्द स्टॉकहोममध्ये लवकर शिकावा लागतो.

राहिला नुसता ‘त’. तिथे शाळेतलं मराठी व्याकरण कामी येतं, कठोर आणि मृदू व्यंजनं. धातूच्या शेवटी क, प, स, त असं कठोर व्यंजन असेल तर पार्तिसिपही ‘त’च घेतं: शोप्त म्हणजे विकत घेतलेला, लेस्त म्हणजे वाचलेला. इथे एन आणि एत्त यांचं रूप सारखंच, म्हणून चूक करायला जागाच नाही. मृदू असेल तर द: स्तेंग्द, ब्रेंद. आणि सुपिनुममध्ये दोन त असतील तर पार्तिसिपमध्ये दोन द: शिवणे म्हणजे सी, हार सित्त, शिवलेला तो सिद्द.

एक अपवाद मात्र लिहून ठेवा. ‘-आद’ वाल्यांना अनेकवचनात आणि निश्चित रूपात ‘आ’ नाही, ‘ए’ लागतो. ते रंगवलेलं घर म्हणजे देत मोलादे हूसेत. ‘मोलादा’ असं कुणी म्हणत नाही. गंमत म्हणजे ‘मोलादे’ हाच साधा भूतकाळही आहे, याग मोलादे म्हणजे मी रंगवलं. वाचताना आधी ‘देन’, ‘देत’ किंवा ‘दे’ (तो, ते किंवा अनेकवचनातलं ते) आहे का बघा. असेल तर बहुधा विशेषण.

वेलदोडा

गोथेनबर्गहून लिहितेय. व्याकरण मला वर्गात कधी कळलं नाही, स्वयंपाकघरात कळलं. इथल्या कुठल्याही पाककृतीची यादी काढा, निम्मे शब्द हेच आहेत. हाक्काद लोक म्हणजे चिरलेला कांदा. विस्पाद ग्रेद्दे म्हणजे फेटलेली साय. स्मेल्त स्मोर, वितळवलेलं लोणी. क्रोस्सादे तोमातेर, डब्यातले कुस्करलेले टोमॅटो. इनलाग्द सिल म्हणजे मुरवलेला हेरिंग मासा, नाताळात आणि मिदसोम्मारला, म्हणजे जूनमधल्या उन्हाळी सणाला, प्रत्येक टेबलावर असतो. मूळ क्रियापद ‘लेग्गा इन’, आत घालून ठेवणं. उत्तरध्रुवताईंची उडी तिथेही दिसते.

मी किसण्यावर शिकले. चीज एन-शब्द, म्हणून रीवेन ऊस्त. सफरचंद एत्त-शब्द, म्हणून एत्त रीवेत एपले. गाजरं अनेक, म्हणून रीवना मूरोत्तेर. किसणीवर हात चालू असताना तोंडाने म्हणायचं, किसलेलं, किसलेला, किसलेली. आठवड्यात बसलं डोक्यात.

आणि आपला वेलदोडा! इथल्या बेकरीत कार्देमुम्माबुल्लार मिळतात, वेलचीचे पाव. पाककृतीत मालेन कार्देमुम्मा लिहिलं असेल तर दळलेली वेलची, स्तोत्त लिहिलं असेल तर कुटलेली. दोन्हींची चव निराळी. कुटलेलीचे दाणे दाताखाली येतात, बुल्लाला तीच हवी. मी आईने दिलेल्या पितळी खलबत्त्यात कुटते आणि दर वेळी ‘स्तोत्त’ म्हणते.

मला खरं तर विचारायचं होतं ते वेगळंच. दुकानात वाटाण्याच्या पिशवीवर ‘फ्रीस्ता एर्तूर’ असतं. पण माझी शेजारीण बाहेरून आली की म्हणते, ‘याग एर फ्रूसेन’, मी गारठलेय. दोन्हीकडे गोठणंच ना? मग शब्द दोन का?

ओसरी

मी पुण्यात असतो, तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. मुलगी लुंडला आहे, तिच्याकडे दोन उन्हाळे काढले आणि त्या भाषेच्या प्रेमात पडलो. वेलदोडाताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच तोंडात आहे. वाटाणे गोठवलेले असतात आणि हात गोठलेले असतात. गोठणे आणि गोठवणे. स्वीडिशमध्येही दोन क्रियापदं आहेत, मूळ रूप एकच असलं तरी. आपोआप गोठणं, त्याचं सुपिनुम फ्रूसित, पार्तिसिप फ्रूसेन. मुद्दाम गोठवणं, त्याचं फ्रीस्त. गोठलेलं तळं फ्रूसेन, पिशवीतली मासळी फ्रीस्त.

अशी जोडी एकच नाही. ब्रिन्ना म्हणजे जळणं, ब्रेन्ना म्हणजे जाळणं. म्हणून जळलेलं ते ब्रुन्नेत आणि जाळलेलं ते ब्रेंत. शुंका म्हणजे बुडणं, सेंका म्हणजे बुडवणं. मुलीने मला स्टॉकहोमला वासा जहाजाचं संग्रहालय दाखवलं. ते जहाज १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीला निघालं आणि बंदरातच बुडालं. २४ एप्रिल १९६१ ला वर काढलं, म्हणजे ३३३ उन्हाळे-हिवाळे पाण्याखाली. त्या अंधाऱ्या दालनात काळ्या लाकडासमोर उभा राहून मी मुलीला विचारलं, याला काय म्हणतात, शुंकेत की सेंक्त? ती म्हणाली, बाबा, शुंकेत. ते कुणी बुडवलं नाही, वाऱ्याची झुळूक आली, कललं आणि गेलं. शत्रूने बुडवलेलं असतं तर सेंक्त म्हटलं असतं. बुडालेलं आणि बुडवलेलं. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही.

घाटमाथा

मी माल्मोत सात वर्षं आहे. वरचं सगळं वाचून आनंद झाला, पण एक धोका सांगायलाच हवा. ‘-लेला’ला पार्तिसिप समजून चालाल तर दोन ठिकाणी खड्ड्यात पडाल. मी दोन्हींत पडलोय.

पहिला खड्डा. मराठीत आपण म्हणतो, बसलेला माणूस, झोपलेलं बाळ, उभी राहिलेली बाई. मी मुलाला पाळणाघरातून आणायला गेलो तेव्हा ‘झोपलेलं बाळ’ म्हणण्यासाठी ‘सोवा’चं पार्तिसिप करत बसलो. असं रूप कुणी वापरत नाही. तिथे ते म्हणतात सोवांदे बार्न, म्हणजे शब्दशः ‘झोपणारं’ किंवा ‘झोपत असलेलं’ मूल. बसलेला तो सित्तांदे, उभा असलेला तो स्तोएन्दे. मराठी त्या क्षणाकडे ‘झोपी जाण्याची क्रिया झाली’ म्हणून बघते. स्वीडिश त्याकडे ‘झोप चालू आहे’ म्हणून बघते.

दुसरा खड्डा मोठा आहे. ‘मुलाने खाल्लेला भात’ आणि ‘भात खाल्लेला मुलगा’, दोन्ही मराठीत बिनदिक्कत चालतं. स्वीडिशमध्ये फक्त पहिलं. पार्तिसिप ज्याच्यावर क्रिया झाली त्याच्याकडे बोट दाखवतं, करणाऱ्याकडे नाही. ‘निळा शर्ट घातलेला माणूस’ म्हणताना मी ‘घातलेला’ शोधत राहिलो. शेवटी सहकारी म्हणाला, एन मान इ ब्लो शोर्ता. निळ्या शर्टातला माणूस, बस. नाहीतर क्लेद्द इ ब्लो शोर्ता, कपडे चढवलेला.

म्हणून माझं म्हणणं, लिहिलं-लिहिलेलं ही जोडी दाराची किल्ली आहे. पण किल्ली सगळ्या खोल्यांना लागत नाही.

ओसरी

घाटमाथा, अगदी नेमकं बोट ठेवलंत. तुमच्या दुसऱ्या खड्ड्याबद्दल एक जोडतो, कारण हा प्रश्न पाणिनीलाही पडला होता. संस्कृतात ‘क्त’ प्रत्ययाचं रूप मुख्यतः कर्माकडे जातं. लिखितं पत्रम्, म्हणजे लिहिलेलं पत्र. पण ‘गतः’ म्हणजे गेलेला, इथे तो करणाऱ्याकडे जातो. मग कोणकोणत्या धातूंना ही सवलत? पाणिनीने ३.४.७२ या सूत्रात ती यादीच दिली आहे. जाण्याचा अर्थ असलेले धातू, अकर्मक धातू आणि शिवाय नावानिशी काही: निजणं, उभं राहणं, बसणं, राहणं, जन्मणं.

स्वीडिशची यादी याहून आखूड आहे, पण तत्त्व तेच. जाणं, येणं, नाहीसं होणं अशी क्रिया करणाऱ्याची अवस्थाच बदलून टाकते, म्हणून तिथे पार्तिसिप चालतं. फोरस्वुन्नेन म्हणजे हरवलेला. बूर्तरेस्त म्हणजे गावाला गेलेला. आनलेंद म्हणजे येऊन पोचलेला, आणि देशात नव्याने आलेल्यांसाठी सरकारी शब्द ‘नीआनलेंद’ तोच. पाणिनीच्या यादीतली निजणारी आणि बसणारी मंडळी मात्र स्वीडिशने बाहेर ठेवली. मराठीने आत घेतली. घाटमाथांचा पहिला खड्डा नेमका तिथे आहे.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतात या रूपांची दोन शेपटं आहेत, त आणि न. कृत, गत, लिखित एकीकडे. भिन्न, छिन्न, पूर्ण दुसरीकडे. स्वीडिशमध्येही दोन: द/त एकीकडे, एन दुसरीकडे. हा योगायोग नव्हे, दोन्ही प्रत्यय एकाच जुन्या घरातून आलेले आहेत. बीता म्हणजे चावणं, चावलेला तो बीतेन. त्याचा धातू आणि आपला ‘भिद्’ मुळात एकच. भिन्न आणि बीतेन, दोघांनीही ‘न’ जपून ठेवलाय. मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं त्या रात्री मुलीला उठवून सांगितलं होतं.

कंदील

काका, अंगावर काटा आला.

माझा प्रश्न मात्र जमिनीवरचा आहे. पेपरात वाक्य वाचलं: ‘ब्रेवेत सोम हान स्क्रीवित’, म्हणजे त्याने लिहिलेलं पत्र. अर्थ तर ‘लिहिलेलं’ आहे, ‘हार’ कुठेच नाही, तरी स्क्रीवित! छापायची चूक असेल का?

उत्तरध्रुव

चूक नाही. उपवाक्यात, म्हणजे ‘सोम’ (जे) किंवा ‘आत’ (की) नंतर, लेखी स्वीडिश ‘हार’ गाळू शकतं. तो तिथे आहे, दिसत नाही इतकंच. हान हार स्क्रीवित. ओळखायची खूण अशी: शेजारी कर्ता बसलाय का? ‘हान’ आहे, म्हणजे तो काहीतरी करतोय, म्हणजे सुपिनुम. कर्ता नसेल, नुसतं पत्र आणि त्याचं वर्णन असेल, तर पार्तिसिप: एत्त स्क्रीवेत ब्रेव.

डॅनिशमध्ये ही कटकटच नाही, ‘हार’ नंतर आणि ‘एर’ नंतर एकच रूप. प्रमाण स्वीडिशने इ आणि ए यांची फारकत करून ती नियमात बसवली. बोलण्यात सगळीकडे ती पाळली जात नाही. तुम्हाला रस्त्यात कुणी ‘हार स्क्रीवेत’ म्हणताना दिसलं तर दचकू नका. लिहिताना मात्र पाळा, परीक्षक तेवढंच बघतात.

घाटमाथा

मग पार्तिसिप हे क्रियापद की विशेषण? माझ्या वर्गात यावर वाद झाला होता.

उत्तरध्रुव

स्वीडिश अकादमीचं मोठं व्याकरण १९९९ मध्ये आलं, त्यात पार्तिसिपला स्वतंत्र शब्दजातच मानलंय. मला तो निर्णय मनापासून पटतो. शेपूट विशेषणाचं, पोटात क्रियापद. पण व्यवहारात काही ठिकाणी ते पूर्ण विशेषण झालेलं दिसतं. नकाराचा ‘ऊ’ घ्या. ऊबेताल्द म्हणजे न भरलेलं बिल, ऊलोस्त म्हणजे कुलूप न लावलेलं, ऊवेंताद म्हणजे अनपेक्षित, ऊयिफ्त म्हणजे अविवाहित. ‘ऊबेताला’ असं क्रियापद कुठेच नाही. न भरण्याची क्रिया नसते, न भरलेली अवस्था असते. मराठीत तरी ‘अविवाहणे’ कुठे आहे? अविवाहित आहे.

दुसरी खूण तुलनेची. साधी विशेषणं ‘-आरे’ लावून वाढतात, पार्तिसिप तसं वाढत नाही. त्याला ‘मेर’ आणि ‘मेस्त’ लागतं. अधिक लाडका म्हणजे मेर एल्स्काद.

आणि ‘एर’ की ‘ब्लेव’ हे कायम तपासा. दोरेन एर स्तेंग्द म्हणजे दार बंद आहे, लावलेलं आहे, कधी लावलं माहीत नाही. दोरेन ब्लेव स्तेंग्द म्हणजे दार बंद झालं, तो क्षण. भाषांतरात ही एक गल्लत अख्ख्या अहवालाचा अर्थ फिरवते. एका अपघाताच्या कागदात मी सुरुवातीला ती केली होती आणि तपासणाऱ्याने मध्यरात्री फोन करून दुरुस्त करून घेतली. त्या दिवसापासून ‘एर’ आणि ‘ब्लेव’ मी बोट ठेवून वाचते.

कंदील

दुकानाच्या दारावर नुसतं ‘स्तेंग्त’ असतं. पण दुकान तर एन-शब्द, बूतीकेन. मग स्तेंग्द हवं ना?

उत्तरध्रुव

छान पकडलंस. ती पाटी दुकानाबद्दल नाहीच. ती ‘देत एर स्तेंग्त’ची शेंडी आहे, म्हणजे ‘(इथे) बंद आहे’. समोर नाम नसलं की स्वीडिश एत्त-रूपाकडे जातं, जसं मराठी नपुंसकलिंगाकडे जाते. आपण ‘ठरलेलं आहे’ म्हणतो ना? काय ठरलेलं, ते सांगत नाही, तरी ‘लं’. देत एर बेस्तेम्त. तस्संच.

नाम दिसलं की मात्र जुळवायचंच. पाट्या वाचत फिरा, फुकटची शाळा आहे. रोकनिंग फोरब्यूदेन, धूम्रपानास मनाई. रोकनिंग एन-शब्द. तिलत्रेदे फोरब्यूदेत, प्रवेशास मनाई. तिलत्रेदे एत्त-शब्द. या दोन पाट्या एकाच भिंतीवर दिसल्या की मी अजून थांबून वाचते.

वेलदोडा

आई-बाबांसाठी एक. मूल आजारी असल्याचं पाळणाघराला कळवताना मी ‘बार्नेत एर फोरशील्द’ लिहायची. बार्न एत्त-शब्द, म्हणून बार्नेत एर फोरशील्त. पण मुलाचं नाव लिहिलं, किंवा ‘माझा मुलगा’ लिहिलं, की मीन सोन एर फोरशील्द. सर्दी तीच, मूल तेच, शब्द बदलला की शेपूट बदललं. मराठीतही ‘बाळ दमलेलं आहे’ आणि ‘मुलगा दमलेला आहे’ म्हणतोच आपण.

घाटमाथा

अजून एक, कारण इथे मी लाजिरवाणा झालो होतो. ‘फोद्द’ म्हणजे जन्मलेला. हयात माणसाबद्दल ‘हान एर फोद्द १९५०’ म्हणतात, गेलेल्याबद्दल ‘हान फोद्देस’. मी सहकाऱ्याच्या वडिलांबद्दल बोलताना फोद्देस म्हणालो. तो गप्प झाला, मग हळूच म्हणाला, बाबा आहेत अजून. पार्तिसिप अवस्था सांगतं, आणि अवस्था असायला माणूस असावा लागतो. तेव्हापासून विसरलो नाही.

ओसरी

हे वाचून थोडा वेळ शांत बसलो. धन्यवाद घाटमाथा.

उत्तरध्रुव

जाता जाता पुढे उडी मारणाऱ्या ‘आव’बद्दल एक राहिलं. ‘ब्रीता आव’ म्हणजे मोडून काढणं आणि ‘आवब्रीता’ म्हणजे मध्येच तोडणं, थांबवणं. क्रियापदात दोन्ही वेगळी ओळखता येतात. पार्तिसिपमध्ये दोन्हींचं रूप एकच होतं: आवब्रूतेन. एन आवब्रूतेन ग्रेन म्हणजे मोडलेली फांदी, एत्त आवब्रूतेत साम्ताल म्हणजे अर्ध्यात तुटलेलं बोलणं. फरक नामावरूनच कळतो.

वडाचीसाल

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे हा धागा मेट्रोत वाचत होतो. काल सामायिक धुलाईघरात आमची पाळी होती. इथे वापरून झाल्यावर साफ करून ठेवायचं असतं, आणि आमच्या आधीच्या कुणीतरी ते केलं नव्हतं, म्हणून दारावर तक्रारीचे कागद साचले होते. मी सगळं आवरलं आणि पहिल्यांदाच स्वीडिशमध्ये कागद लिहून लावला:

त्वेत्तस्तूगान एर स्तेदाद. गोल्वेत एर तोर्कात. फिलत्रेन एर रेनयूर्दा.

धुलाईघर आवरलेलं आहे, फरशी पुसलेली आहे, गाळण्या साफ केलेल्या आहेत. एन, एत्त आणि अनेकवचन, तिन्ही एका कागदावर. बायकोने तीनदा वाचून घेतला. आज सकाळी बघितलं तर खाली पेन्सिलने कुणीतरी ‘तुसेन ताक्क’ लिहिलेलं होतं, हजार आभार.

कंदील

व्वा! पण तोर्काद म्हणजे वाळवलेलं ना? माझ्याकडच्या जर्दाळूच्या पाकिटावर ‘तोर्कादे आप्रिकूसेर’ आहे.

वेलदोडा

तोर्का म्हणजे वाळवणं आणि पुसणंही. जर्दाळू वाळवलेले, फरशी पुसलेली. मराठीत दोन शब्द, इथे एक. फरशीपुढे आलं की कुणी जर्दाळू समजत नाही.